ठिपका

ग्रिम्सबी. रात्रपाळी.
हॅडॉकची पाकिटं पट्ट्यावरून सरकतात,
प्रत्येकाच्या झाकणाला आतून
टिकलीएवढा ठिपका.

मी निळा प्रकाश टाकते.
आत प्राणवायू नसेल तर तो तांबूस उजळतो,
जरासा रेंगाळतो.
शिरला असेल, तर विझायची घाई.
उलटंच. श्वास पोचला की दिवा मालवतो.

एक पाकीट मंद निघालं.
मॉरीननं ते फाडून नाकाशी धरलं;
एकतीस वर्षं ही गोदी तिच्या नाकावर चालली.
"ताजं आहे गं."
होतंच. अजून.
सीलमध्ये केसाएवढी फट. मी लिहिलं: बाद.

पहाटे गेटाबाहेर सिगारेट पेटवत
तिनं कोटाची बटणं सोडली,
"टाक की माझ्यावर तुझा दिवा,
बघू, किती रेंगाळते मी."