बॅटरी कंपनीची

गाडी तुझी, तो विक्रीवाला म्हणाला,
बॅटरी कंपनीची.
म्हणजे हाडं माझी, आणि जीव
कोंडेलेच्या नाक्यावर कपाटात चार्ज होत ठेवलेला,
रोज जाऊन उसना आणायचा.
मी हसलो. घरी येईपर्यंत हसू संपलं होतं.

मक्याच्या पिठाच्या रिकाम्या पुड्यावर हिशेब मांडला.
पेट्रोल दिवसाला सहाशे शिलिंग.
बॅटऱ्या बदलायला तीनशे, धरू साडेतीनशे.
उरले अडीचशे.
हप्ता चारशे वीस. अठरा महिने.
पुडा उलटा धरून पाहिला, आडवा धरून पाहिला.
अकेयोनं तो हातातून घेतला.
ऑईल धरलंस? क्लचच्या केबली?
एप्रिलात पिस्टन बसवलास, ते कुणाच्या खात्यात?
नव्हतं धरलं.
घरातल्या म्हाताऱ्याच्या औषधपाण्याचा
कुणी हिशेब ठेवतो का?

स्टँडवर प्रत्येकाचं एक मत, वासोंगाची दोन.
सहा महिन्यांपूर्वी त्यानं घेतली.
रियाटच्या चढावर चार टक्के उरले असताना
मागे चर्चचा ढोलवाला, मांडीवर ढोल.
वासोंगानं ढकलली, ढोलवाला चालत गेला,
पैसे न देता, आणि वर आशीर्वाद देऊन.
एका दिवसाचा हप्ता चुकला
तर ते फोनवरूनच कुलूप घालतात, वासोंगा सांगतो,
सकाळी उठावं तर दारातली गाडी दगड.
मग सगळे चहाकडे वळले की हळूच म्हणतो,
रात्री हातांना मुंग्या येत नाहीत रे आता.
चोरीची कबुली द्यावी तसा.

मिन आतोती डुंगाहून माशांचं घमेलं घेऊन
नऊ वर्षं माझ्यामागे आडवी बसते.
तिला विचारलं.
ती म्हणाली, पेट्रोलचा वास माशाला लागतो
की माशाचा पेट्रोलला, गिऱ्हाइकाला कळत नाही,
तुला कशाला हवी पंचाईत?
मग जरा वेळानं:
मी बसल्यावर तरी कण्हेल ना ती?

शनिवारी चालवून बघायला दिली, आठ वाजेपर्यंत.
माझी जुनी त्यांच्या अंगणात ओलीस,
सायलेन्सर तारेनं बांधलेला,
नव्या गाड्यांच्या रांगेत लग्नाला अनवाणी आल्यासारखी.

निघालो.
कुत्री उठली नाहीत.
एक माणूस रस्त्यातून हलेना,
तेव्हा तोंडानं म्हणावं लागलं, अहो, येतोय.
इतक्या वर्षांत रस्त्याला
माझा आवाज पहिल्यांदाच ऐकू गेला असेल.
आणि मला चाकाखालची लाल खडी,
तव्यावर उलटणारी चपाती,
कुणाच्या तरी खिडकीत फुटबॉलची हरलेली मॅच,
आणि पार खालून, तळ्याकडून, बेडूक.

आमच्या वळणावर मी रोज क्लच दाबून एकदा रेस करतो.
त्या आवाजाला अजवांग पळत येऊन
गेटची कडी काढते.
आज वळलो, मूठ पिळली, काहीच नाही.
कडी तशीच.
गेटबाहेर उभा राहिलो, स्वतःच्याच घरी पाहुणा.
वाटलं, हे मात्र कुठल्या पुड्यावर लिहायचं?

तेवढ्यात आतून माझी गाडी आली.
ओठ फडफडवत, मध्येच अडकत,
तिसऱ्या किकला सुरू होणारी, अगदी तीच.
फटीतून पाहिलं,
पालथ्या बादलीवर अजवांग,
मागे तिचा भाऊ कमरेला घट्ट धरून.
कुठे जायचं, मॅडम? किबुये? शंभर.
ऐंशी? पेट्रोल काय तुमचा मामा देतो?
शब्द माझे, मान माझी,
आणि गियर टाकताना
खोकला. आधी दोनदा कोरडा, मग एकदा खोल.
तोही शिकली होती.
न चुकता, दर गियरला.

आठला दहा कमी होती.
मी तिचं भाडं ठरू दिलं.
नव्वदवर आली.
मग कडी वाजवली.