सातारा–मेढा, सकाळी साडेसात

डेपोचं वेळापत्रक काचेआड असतं.
माझं होतं कॅलेंडरवर, पेन्सिलीच्या टिंबांचं,
अठ्ठाविसाव्या दिवशी हजर.
मग एप्रिलपासून गाडीच नाही,
जुलैत एका पंधरवड्यात दोन,
दुसरी तर थांबायलाच तयार नव्हती.
त्यानंतर पुन्हा रिकामा फलाट.

कोंडव्याला अकरा जण चढले.
मशीनची बटणं दाबता दाबता
मानेमागून आग वर आली.
बाहेर डिसेंबरचं धुकं, आत कानटोप्या,
आणि मी खिडकीची काच सरकवतेय.
"इंगवले बाई, वारं लागतंय!" शेडगे ओरडले.
लागू दे.
कुणाचे तरी सुट्टे द्यायचे राहिले.
हल्ली राहतात.

रात्री तीनला ओला ब्लाउज बदलते,
फ्रीज उघडून त्याच्यासमोर उभी राहते
देवासमोर राहावं तशी.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, होतं या वयात,
तारखा लिहून ठेवा.
जुन्या वेबिलाच्या पाठीवर लिहिते.
लिहिण्यासारखं काही नसलं तरी
त्या दिवशी शून्य टाकते.

कण्हेरच्या पुढे एक पोरगी,
दप्तर मांडीवर घट्ट,
म्हातारीला जागा द्यायला उठेना.
बाया कुजबुजल्या. मी विचारलं नाही.
पिशवीच्या तळाशी चार महिने
फुकट प्रवास करून चुरगळलेलं पाकीट
तिकिटासारखं तिच्या हातात ठेवलं.
मेढ्याला उतरली ती
कमरेला ओढणी बांधून,
मागे न बघता.

परतीच्या फेरीत, त्याच वळणावर,
ओटीपोटात ओळखीची कळ.
पिशवीत हात घातला.
चिल्लर होती नुसती.