लागू नाही

दसरा उलटून अठरा दिवस झालेत.
धारूरच्या घाटाखालची ही वस्ती,
त्रेचाळीस घरं, एकतीस कुलुपं.
माझ्या यादीत ती घरं 'अनुपस्थित'.
आणि त्या सगळ्या अनुपस्थितांच्या किल्ल्या
एका सुतळीत ओवून
कमरेला खोचून बसलेली सोजरबाई.

वय विचारलं.
'कारखान्याचा पयला बॉयलर पेटला
त्या साली मपलं लगीन. तू मांड हिशेब.'
मी मांडला.
साठ ते एकोणसत्तर, या चौकोनात खूण केली.

बत्तीस पट्टे पडलेले पाहिलेत तिनं.
नवरा सांगलीकडच्या फडात ट्रॅक्टरखाली गेला
तेव्हा ती अर्धा कोयता झाली.
दोन हंगाम मुकादमानं अर्ध्याची उचल दिली,
तिसऱ्याला म्हणाला, मोळी पेलंना तुला,
राहा घरी, लेकरं बघ.

मी शब्द शोधत विचारलं :
म्हणजे कामावरून काढलं तुम्हाला?
'काढत्याल कशाला?
धरलं व्हतं कुठं कागदावर?'

प्रश्न सतरावा.
गेल्या सात दिवसांत तुम्ही काही काम केलंत का?
एक, मजुरी. दोन, स्वतःचा धंदा. तीन, कामाच्या शोधात.
नऊ, लागू नाही.

'काम? न्हाई गं बाई. आता कुठलं काम.'

हे सांगताना तिच्या मांडीवर
कुणाची तरी पोर, तिच्या केसांतून फणी चाललेली.
दोन नातवंडं तिची, तीन शेजारच्यांची,
पाचांचा डबा, पाचांची शाळा, एकाचा ताप.
मधेच उठून चौथ्या घरात गेली,
लुळ्या पडलेल्या गिन्यानदेवची कूस बदलून आली.
हात धुतले. शेळीपुढं पाला टाकला.
फडातून फोन आला, तर ओरडून सांगितलं,
'समदं बरं हाय, तुम्ही तोडा.'

'हां, काय म्हणत व्हतीस?'

मी नऊ लिहिलं.
पेन्सिलीनं लिहिलं, एवढंच.

तितक्यात माझाही फोन. अंबाजोगाईहून पारूबाई.
सरांनी अर्धी भाकर खाल्ली, गोळी दिली,
रात्री दोनदा उठले, पडले न्हाईत.
माझे वडील. सत्त्याऐंशी, दोन महिने, काही दिवस.
पारूबाईचं वय मी कधी विचारलेलं नाही.
ती कुठून आली, हे ठाऊक आहे : केजच्या अलीकडून कुठून तरी.
तिच्या घरी कोण आहे, तिची कूस कोण बदलेल,
हे माझ्या प्रश्नावलीत आहे,
माझ्या स्वयंपाकघरात नाही.

निबंधात मी तिच्यासाठी चार शब्द वापरले असते :
वृद्ध, स्थलांतरित, असंघटित, स्त्री.
घरी एकच वापरते, मावशी.
गेल्या पोळ्याला मावशी तीन दिवस गावी गेली होती.
महिन्याच्या शेवटी मी तीन दिवसांचे पैसे वजा केले.
गणित बरोबर होतं.

सोजरबाई माझ्याकडं बघत होती.
'बाप का?'
हो.
'एकलाच?'
नाही, बाई आहे एक.
'आन् तुपल्या घराची किल्ली कुणापशी?'

मी फॉर्मची पानं एकावर एक नीट लावली.
ती आधीच नीट होती.

दिवस कलला तशी ती उठली.
रोज या वेळेला ती निघते :
एकेका दाराशी जाते, कुलूप ओढून बघते,
उंबऱ्यावरचा पालापाचोळा पायानं बाजूला सारते,
पुढं जाते.
मागं पाच लेकरं, त्यातलं एक लंगडी घालत.

'हे कशासाठी?' मी विचारलं.
'आल्यावर लोकायला वाटलं पायजे
की घर नांदतं व्हतं.'

एकोणिसाव्या दारापर्यंत मी तिच्यासोबत होते.
मग जीप आली.