दोन बोटं खाली

तस्लीम मुजावर माझ्याहून एकच वर्ष पुढे.
म्हणजे तिच्या एप्रनवरचे डाग
माझ्या डागांपेक्षा जरा फिके,
इतकंच.

सरांनी वॉर्डात सांगितलं होतं, मनगटातून वाजवा,
आणि सांगता सांगता पुढच्या खाटेकडे गेलेसुद्धा.
त्यांनाही कधीकाळी काही ऐकू आलं नसेल,
पण तीस वर्षांमागचं बहिरेपण
कुणाला आठवतं?
तस्लीमला आठवत होतं.
गेल्या दिवाळीपर्यंत तिलाही
सगळ्या छात्या सारख्याच वाजायच्या.

रात्री मेसच्या ओट्यावर तिने
पिठाचा डबा पुढ्यात ओढला.
"डोळे मीट. वरून खाली ये. पीठ कुठं लागतं सांग."
मी ठोकत होते कोपरातून, सुतारासारखी.
तिने माझं कोपर कमरेशी दाबून धरलं.
"नख काप आधी. आणि बोट ठेवून बसू नकोस,
तव्यावर पडल्यासारखं उचल."

मिरजेला तिचे चुलते सतारीसाठी भोपळे
असेच वाजवून निवडतात.
"त्यांना कुणी शिकवलं?" मी विचारलं.
"मोठ्या भावानं. बापाला वेळच नव्हता."

निम्म्यावर आवाज बसला. "इथं."
झाकण उघडलं. चार बोटांनी चुकले होते.
"मी वीतभर चुकले होते," ती म्हणाली,
आणि ही शाबासकी होती
हे मला अंथरुणात पडल्यावर कळलं.

ससूनमधली डिसेंबरची सकाळ. खाट सतरा.
कोंडिबा शेलार, भोरकडचे.
"हात चोळ आधी.
गार बोटं घेऊन कुणाच्या पाठीला जायचं नसतं."
हे तिला निनाद ठोंबरेने सांगितलेलं,
तो आता गडचिरोलीत बाँडवर.
त्याला कुणी, ते तिला माहीत नाही.

मी विचारलं, वाजवू का?
त्यांनी सदरा वर केला.
उजवी बाजू. मोकळं, मोकळं,
अजून मोकळं. मी थांबले. इथं?

"ताई, आणखी दोन बोटं खाली,"
कोंडिबा म्हणाले, पाठमोरेच.
"सकाळधरनं तुम्ही सहाव्या. पाणी तिथं हाय."

आणि खरंच होतं तिथं.
दगडासारखं, मुकं.

तस्लीम हसली. मग हसू गिळून
त्यांचा सदरा खाली ओढला,
चिकटपट्टीवर लिहिलं, आज तपासणी पुरे,
आणि खाटेला लावलं.
सिस्टर रागावल्या. पण काढलं नाही त्यांनीही.

मालधक्का चौकात चहा घेताना मी म्हटलं,
सुईने काढलेल्या पाण्याच्या रिपोर्टवर
जो शब्द येईल,
तो त्यांना सांगायचा कसा?

तिने क्रीमरोल मोडला,
मोठा तुकडा माझ्याकडे सरकवला.
"हे मला अजून येत नाही.
आलं की सांगते."

यंदा डबा माझ्या पुढ्यात आहे.
समोर धाराशिवची किमया लोमटे,
कोपरातून ठोकते, सुतारासारखी.
मी तिचं कोपर धरते. ती तीनच बोटांनी चुकते,
आणि मला, खरं सांगायचं तर, थोडा रागच येतो.

तस्लीम शेवटच्या वर्षाला.
परवा जिन्यात भेटली. डोळे सुजलेले,
जागरणाने की कशाने, मी विचारलं नाही.
दोन पायऱ्या वर जाऊन थांबली.
"तुझं ते सांगायचं राहिलंय," म्हणाली,
"विसरले नाहीये."
आणि हात चोळत
वॉर्डाकडे वळली.