दुसरा पाय

चाकोच्या धुळीत आमचं प्रार्थनाघर.
तीन वर्षं एकाच बाकाच्या
दोन टोकांना बसतात
युस्टीना आणि आगानेथा.
भांडण चीजच्या पैशांचं.
आकडा आता कुणालाच आठवत नाही,
आगानेथा सोडून.

आज पाय धुण्याचा रविवार.
घंगाळ मीच भरलं, टाकीच्या तळाचं पाणी,
जरा गढूळ. दुष्काळ आहे.
जोड्या लागत गेल्या,
उरल्या या दोघी.

युस्टीना कण्हत गुडघ्यांवर बसली.
मोजा उतरवला,
तर करंगळीच नाही.

"कधी गं?"
"साखरेनं नेली. मागच्या जूनमध्ये."

त्या रिकाम्या जागेवरून
तिनं दोनदा पाणी सोडलं,
पदर नव्हता, एप्रननंच टिपलं.

"नव्वद हजार ग्वारानी होते,"
आगानेथा छताकडे बघत म्हणाली.

"माहितीये.
दुसरा पाय दे."