पाटीचा दगड

प्रिओरातच्या उतारावर माती नाहीच,
नुसत्या पाटीच्या काळ्या कपच्या, उन्हानं चटका देणाऱ्या.
रेमेईचं खेचर तिथं घसरतं,
ती त्याला शिव्या देते आणि स्वतःच घसरते.

मठातल्या न बोलणाऱ्या साधूंनी
या पाटीवर पहिली वेल गिरवली म्हणतात.
मग मुळं खाणारी कीड आली.
एका पिढीत पाटी कोरी.
माणसं बार्सिलोनाच्या गिरण्यांत गेली;
तिचा पणजा राहिला,
त्या दिवशी त्याचे बूट फाटके होते, म्हणून.

आता परक्या नंबरची गाडी थांबते.
पाहुणा पेला नाकाशी धरून विचारतो,
हा मागून येणारा वास कसला?

रेमेई एक कपची उचलते,
थुंकी लावून अंगठ्यानं पुसते,
त्याच्यापुढं धरते.
शाळेत पाटी पुसायचात ना,
तो.