नावेला नाव

बाबा ऑगस्टात गेले.
त्यांनी अर्धी सोडलेली होडी
रोसामेलनं डिसेंबरात पुरी केली.
रंग झाला, वल्ही झाली, नाव तेवढं राहिलं.
बंदर कचेरीतला ओयार्सून म्हणाला,
बिननावाची पाण्यात सोडता येत नाही,
कागद भरा, डोन्या एदुविना, शुक्रवारपर्यंत.

कागद म्हटलं की मी.
केमचीतल्या अकरा घरांच्या शिंपल्यांचा हिशेब
माझ्या स्वयंपाकघरात असतो, मिठाच्या बरणीशेजारी.
भाची यास्ना सांतियागोहून आली तेव्हा
फोनमध्ये चार एआय घालून गेली:
आत्या, एकाला तरी कामाला लाव.

पहिलं फार गोड.
हिशेब दाखवला तर, वा, किती नेटका!
आणि डिझेलची पावती दोनदा धरली.
काढून टाकलं.

दुसरं आवळा देऊन कोहळा काढणारं,
पहिला महिना फुकट, पुढे पैसे.
पण बेरीज चोख,
आणि पावतीवरचा आकडा पुसट असला तर
विचारतं, हा तीन की आठ?
असा कारकून मला आवडतो.
दिला कोहळा.
भरती-ओहोटी मात्र त्याला विचारत नाही.
त्यासाठी भिंतीवर तक्ता आहे, आणि खिडकी.

तिसरं नावं सुचवणारं.
रोसामेल अंगावरच्या भुशासकट माझ्यामागे उभा.
किटलीला आधण यायच्या आत चाळीस नावं:
सागरकन्या, दक्षिणेचा तारा, वादळाची राणी.
मी म्हटलं, अजून.
अजून चाळीस.
एकही वाईट नव्हतं.
त्यातल्या बहुतेक नावांची एक होडी
आमच्या बंदरात आधीच होती,
काहींच्या दोन.
उचलली जीभ लावली टाळ्याला, रोसामेल म्हणाला,
आणि याला तर टाळूही नाही.

बाबा म्हणायचे, रंध्यानं खिळा ठोकू नये.
खिळा वाकतो ते सोडा,
रंधा बिघडतो.

चौथ्याला स्वतःचं काही नाही.
बोललेलं लिहून काढतं, बस्स.
यास्नानं बाबांना गेल्या उन्हाळ्यात रेकॉर्ड केलं होतं.
त्रेचाळीस मिनिटं लाकडांबद्दल,
हातातला हातोडा न थांबवता.
ऐकायचं धाडस मला झालं नव्हतं.
वाचायचं झालं.

सिप्रेस पाण्यात म्हातारं होत नाही.
उल्मो जड, तो खाली.
फटीत आलेर्सेच्या सालीचा काथ्या, घाई न करता.
तुझी आजी म्हणायची, कंसात: ऐकू आलं नाही.
तेव्हा मी तिला म्हटलं, कंसात: ऐकू आलं नाही.
मग दोघं खूप हसलो.
रोसामेलला सांग, कंसात: ऐकू आलं नाही,
नीट.

त्या तीन जागा मग मी फोन कानाला लावून ऐकल्या.
ठक. ठक. बाबांचा श्वास. ठक.
तिसऱ्याला दिल्या असत्या तर
त्यानं तिन्ही भरून दिल्या असत्या,
लगेच, सुंदर.
माझं बोट तिथवर गेलंही होतं.
रोसामेलनं फोन काढून घेतला
आणि टेबलावर पालथा ठेवला.
आम्ही बटाटे सोलले. कोणी बोललं नाही.

शुक्रवारी ओयार्सूननं कागद चष्म्याजवळ नेला.
इनाउदिब्ले? हे नाव आहे?
ऐकू न येणारी?
हो म्हटलं.
खाली शिक्का मार.

दोन वर्गण्या चालू आहेत,
हिशेबाच्या आणि लिहून काढणाऱ्याच्या.
त्या मी वहीत हत्यारांखाली मांडते,
पटाशी आणि गिरमिटाच्या मध्ये.

होडीचं इंजिन जुनं, तिसऱ्या हातचं.
पहाटे इनाउदिब्ले निघाली
की समोरच्या बेटावरची कुत्री उठतात.